शेपटीवर सत्तावीस

सोमवार, ६ एप्रिल

लेकीने ही वही पाठवली आहे. कापडी पुठ्ठा, आत खूण ठेवायला रेशमी फीत, आणि वर फोनवरून उपदेश : "आई, बाबांना जे जे टाकून बोलावंसं वाटतं ते आधी यात लिही. निम्मं बोलायची गरजच राहणार नाही." म्हणजे आईचं तोंड बंद करायला वही! मोठी शहाणी. पुठ्ठ्याची शिवण मात्र चांगली आहे, त्यात खोट काढता येणार नाही.

तर लिहिते. सकाळी मी दुकानात एका गृहस्थांच्या पँटची कंबर सैल करत बसले होते. दुकान म्हणजे आमची रस्त्याकडची खोली. नवे कपडे मी शिवत नाही, लोकांचे जुने दुरुस्त करते. चेन बदलायची, लांबी कमी करायची, आणि "वजन नाही हो वाढलं, कापडच आटलं" हे चेहरा सरळ ठेवून ऐकून घ्यायचं. तेवढ्यात स्वारी आतून धावत आली. धावत म्हणजे ह्यांच्या हल्लीच्या चालीने, पाय फरफटत. चपला झिजतात, सांगून सांगून माझी जीभ झिजली.

"मिळाला! पास मिळाला!"

"कसला?"

"हवाई दलाच्या तळाचा! कुंपणाच्या आत सोडणार आहेत आम्हाला. पार धावपट्टीजवळ!"

आम्हाला म्हणजे विमानवेड्यांना. लिहायलाही लाज वाटते, पण आमचे हे लष्करी विमानांचे फोटो काढतात. कुणी सांगितलं नाही, कुणी मागितले नाहीत. जन्मभर नगररचना खात्यात नकाशे काढले, रेघ अशी सरळ की साहेब पट्टी लावून बघायचे आणि खजील व्हायचे. आणि निवृत्त झाल्यावर हे! तळाच्या कुंपणाबाहेर उन्हात उभं राहायचं, विमान आलं की फोटो काढायचा, शेपटीवरचा नंबर बघायचा आणि घरी येऊन यादीत खूण करायची. मी एकदा विचारलं होतं, अहो, सगळी एकाच जातीची, एकसारखी दिसणारी, मग एकाचा काढला की झालं ना? तर म्हणाले, "नंबर वेगळा असतो." रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, दुसरं काय.

आता म्हणे त्या जातीची जुनी लढाऊ विमानं मोडीत निघणार. त्याआधी एक दिवस, शनिवारी अठरा तारखेला, ह्या वेड्यांना आत बोलावून फोटो काढू देणार आहेत. ह्यांच्याकडे त्या ताफ्यातल्या सगळ्या विमानांचे फोटो आहेत, एक सोडून. सत्तावीस नंबर. ते एकदा भंगारात गेलं की यादीतली ती जागा कायमची रिकामी. जगबुडीच म्हणायची.

"आणि ऐक, पास दोघांचा काढलाय," हे म्हणाले. "तू चल माझ्याबरोबर."

इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही आणि आज आमंत्रण! मी दातात टाचणी धरून हसले. गिळलीच असती.

बुधवार, ८ एप्रिल

संध्याकाळी शिडी आले. शिडी म्हणजे ह्यांचे मित्र, निवृत्त पोस्टमन. कुंपणाच्या वरून नीट दिसावं म्हणून अॅल्युमिनियमची शिडी खांद्यावर टाकून हिंडतात, म्हणून त्या टोळक्यात त्यांचं नावच शिडी. त्यांची बायकोसुद्धा फोनवर "शिडी आहेत का तिकडे?" असं विचारते. तिनेच हात टेकले तर बाकीच्यांनी काय करावं.

"वहिनी, तुम्ही येताय म्हणे! बरं झालं बुवा. ह्यांना मदत होईल."

"कसली मदत? हमाल मिळत नाही का तिकडे?"

शिडींनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी चहाकडे पाहिलं. कप बशीत खडखडला, चहा बशीत सांडला, बशीतून माझ्या धुतलेल्या टेबलक्लॉथवर. साठी उलटली आणि कप धरता येत नाही. लहान मूल बरं.

त्या शिडींकडे सत्तावीस नंबरचा फोटो आहे. एक नाही, डझनभर. मी सरळ म्हटलं, "मग एक द्या ना ह्यांना. विषय संपला. शनिवारी मला दुकान उघडता येईल."

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चप्पल घालून शिरले. मग शिडींनी मला नियम समजावला. फोटो आपला कधी? तर बटण आपल्या बोटाने दाबलं तरच. दुसऱ्याने काढलेला यादीत धरायचा नाही. कुणी बघत नाही, कुणी तपासत नाही, तरी धरायचा नाही. म्हणजे दत्तक चालत नाही, स्वतःच्या पोटचाच हवा! दोन मोठ्या माणसांनी गंभीर चेहऱ्याने हे सांगावं आणि मी ऐकून घ्यावं.

जाताना शिडी दारात हळूच म्हणाले, "वहिनी, सत्तावीस एकदाच मोकळ्यावर आलं होतं, मागे तुमचं पित्ताशय काढलं ना, त्या दिवशी. आम्ही सगळे होतो, हे दवाखान्यात होते. ह्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल."

नाहीच सांगितलं. म्हणजे दोष माझ्या पित्ताशयाचा तर! आणि शिडी सांगतायत असं, जणू मला गहिवरून यावं. बायकोचं पोट फाडलेलं असताना नवऱ्याने दवाखान्यात बसावं यात उपकार कसले?

शनिवार, ११ एप्रिल

ह्यांनी जाकीट आणून दिलं. पुढची सगळी बटणं काढून चेन लावायची म्हणे. आधीच्या महिन्यात दोन शर्टांची बटणं काढून टिचबटणं लावून घेतली, त्याच्या आधी बुटांच्या नाड्या काढून चिकटपट्टीचे बूट आणले. आता हे. मी म्हटलं, "बटण लावायचा पण कंटाळा? उद्या म्हणाल घास भरव."

हसले नाहीत. पूर्वी हसायचे. हल्ली ह्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही, रागवलेत की झोपलेत ते कळत नाही. बोलतातही इतकं हळू, की मला दर वेळी मशीन थांबवावं लागतं.

चेन लावून दिली. पितळी, मोठ्या दात्यांची, चिमटीत नीट येईल अशी. काम करायचं तर चोख करायचं, मग गिऱ्हाईक घरचं का असेना.

नंतर मी धुणं वाळत घालायला वर गेले, ह्यांना म्हटलं दुधाकडे बघा. खाली आले तर घरभर करपट धूर, पातेलं काळंठिक्कर, आणि स्वारी शेजारीच खुर्चीत बसून कॅमेरा पुसतेय. "अहो, वास नाही आला?" "नाही गं." नाही गं म्हणे! विमानाच्या धुराचा वास मात्र कोसावरून येतो.

पातेलं घासत होते तेव्हा मागे येऊन उभे राहिले.

"तुला एक सांगायचं होतं."

"विमानाबद्दल असेल तर नको."

जरा वेळ उभे राहिले, मग गेले. म्हणजे विमानाबद्दलच होतं.

मंगळवार, १४ एप्रिल

आज ह्यांचा संगणक उघडला. मला शिवणयंत्राच्या सुट्या भागाचं चित्र छापून घ्यायचं होतं, आणि समोर ह्यांचे गेल्या वर्षभराचे फोटो. बघितले म्हटलं एकदाचे, कशासाठी माझ्या आयुष्याचे शनिवार-रविवार गेले ते तरी कळू दे.

निळं आकाश. मग निळं आकाश. मग एका कोपऱ्यात अर्धी शेपूट. मग आकाश. मग कसलीशी करडी फरफट, ती विमान होती की कावळा ते ब्रह्मदेवालाच ठाऊक. एकसुद्धा धड नाही! त्याच्या आधीच्या वर्षांचे उघडले, ते लख्ख. वैमानिकाच्या शिरस्त्राणावरचा ओरखडासुद्धा दिसतो. म्हणजे कला होती. मन लावलं नाही की हे असं होतं. सुट्टी मिळाली की माणूस सैलावतो, शिवण सैलावते तसा.

हे आले तेव्हा मी विचारलं, "निळा कागद विकत आणला असता तर स्वस्त पडला असता ना?"

"कॅमेऱ्याचं भिंग जड झालंय," म्हणाले.

भिंग जड झालंय! भिंग काय जेवतं का? नाचता येईना अंगण वाकडं.

तळाचं नियमपत्रक आलंय, टेबलावरच होतं, वाचलं. शिड्या आणायच्या नाहीत. (शिडी बिचारे आता नुसते पोस्टमन.) तीन पायांचा स्टँड आणायचा नाही, एका पायाचा चालेल. पिवळं जाकीट घालायचं, दोरीपलीकडे पाऊल टाकायचं नाही. एका पायाचा स्टँड आहे ह्यांच्याकडे, काठीसारखा, भिंगाखाली लावायचा. गेले दोन दिवस अंगणात तो टेकून पलीकडच्या पत्र्यावरच्या कबुतरांवर नेम धरतायत. कबुतरं कंटाळून उडून गेली.

खाली पत्रकावर ह्यांची सही. नीट बघावी लागली, इतकी बारीक. ज्या माणसाने भिंतीएवढे नकाशे अक्षरांनी भरले त्याची सही मुंगीएवढी. शाई वाचवतायत की काय.

शुक्रवार, १७ एप्रिल

मी जाणार आहे. हो म्हटलं एकदाचं, कारण नाही म्हणून दमले. शिवाय लेकीचाही फोन : "आई, जा ना बाबांबरोबर. एकदा जा." तिचा आवाज जरा निराळा वाटला. सर्दी असेल. मी जावयांना सांगितलंय, तिला गार पाणी पिऊ देऊ नका.

दुपारी दवाखान्यातून फोन. सोमवारची वेळ पक्की का, म्हणून. मी म्हटलं, कसली वेळ? तर पलीकडची मुलगी म्हणे साहेबांनाच द्या फोन. ह्यांनी घेतला, हो हो केलं, ठेवला. "नेहमीची तपासणी." असेल. ह्या वयात पुरुषांना डॉक्टरकडे मिरवायला फार आवडतं.

संध्याकाळी सामान भरलं. मी डब्यात उकडलेली अंडी आणि पाव, हे आपलं भांडारगृह. एका पायाचा स्टँड ह्यांनी स्वतः पुसून डिकीत ठेवला, मी खिडकीतून पाहिलं. त्यावर घोंगडी टाकली. मग परत आत आले आणि माझ्या मशीनजवळ घुटमळले. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही ह्यांची जुनी खोड.

"काय आहे? बोला एकदाचं."

"काही नाही. उद्या बोलू."

"उद्या तिकडे विमानांच्या गोंगाटात काय ऐकू येणार मला?"

"येईल," म्हणाले.

शनिवार, १८ एप्रिल

परत आलो. हे झोपलेत, मला झोप लागत नाही म्हणून लिहिते. सगळं लिहिते, पहिल्यापासून.

तळाच्या दाराशी रांग. सगळे आपले ह्यांच्याच वळणाचे, गळ्यात कॅमेरे, खिशांवर खिसे असलेली जाकिटं, आणि एकाही जाकिटाची शिवण सरळ नाही. पिवळी जाकिटं वाटली, मग सगळे खांबांवरच्या दिव्यांसारखे दिसायला लागले. आत नेलं बसमधून. उतरल्याबरोबर पहिली ओरड : "ती बस हलवा, बस मध्ये येतेय!" ज्या बसमधून उतरले तिच्यावरच!

विमानं दोरीपलीकडे ओळीने उभी. मी पहिल्यांदा जवळून पाहिली. सांगते काय ते : जुन्या पातेल्यासारखी दिसतात. ठिगळं मारलेली, रंग उडालेला, ज्याच्या त्याच्या नाकपुडीवर लाल झाकण. त्या झाकणांवरून लोक हळहळत होते, झाकणं असली की फोटो "मेलेला" येतो म्हणे. मग एका विमानाच्या चाकाजवळ कुणीतरी पिवळी बादली विसरलं होतं, तिच्यावरून जवळजवळ मारामारी. दोन डझन शिकलेले पुरुष एका बादलीला शिव्या देतायत. एक सैनिक आला, बादली उचलली, तर टाळ्या! मला वाटलं बादलीलाच फुलं वाहतील.

हे मात्र कॅमेरा पिशवीतच ठेवून बसले. "ही सगळी आहेत माझ्याकडे," म्हणाले. सत्तावीस त्या ओळीत नव्हतं. मी ओळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाऊन शेपट्या वाचल्या. का वाचल्या, मलाच माहीत नाही. उन्हात दुसरं काम तरी काय होतं.

शिडी चेहरा पाडून आले. सत्तावीस आत आहे, मोठ्या शेडमध्ये, दरवाजे बंद, काहीतरी दुरुस्ती चाललीय. ह्यांनी नुसती मान हलवली. "असू दे," म्हणाले, इतकं हळू की मला ओठांवरून समजलं.

असू दे? पहाटे उठवलं, दुकान बंद ठेवायला लावलं, इथे बादलीचा तमाशा बघायला लावला, आणि असू दे? मी उठले आणि दोरीजवळ जो अधिकारी उभा होता त्याच्याकडे गेले. चांगला उंच, मिश्या वळवलेला, कडक इस्त्री. पण बाहीची लांबी चुकलेली.

"अहो साहेब, जे मोडायचंच आहे ते दुरुस्त कशाला करताय?"

"म्हणजे, बाई?"

"ते सत्तावीस नंबर. शेडमध्ये लपवून ठेवलंय ते. माझा नवरा त्याच्यासाठी आलाय. आणखी सोळा दाखवलीत त्याचं काय लोणचं घालू?"

तो हसला. हसताना बरा दिसतो. "बाई, शेवटचं उड्डाण तेच करणार आहे, म्हणून तयारी चाललीय. दुपारी बाहेर येईल. पण थांबणार नाही हं. समोरून एकदा जाईल, लांबून, त्या पलीकडच्या पट्टीवरून, आणि उडेल ते थेट दुसऱ्या तळावर. तिथेच ते मोडणार."

मी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि कित्येक महिन्यांनी ह्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. आनंद म्हणावा तर तसा नाही. घाबरलेला माणूस दिसतो तसे दिसले. मला राग आला. वाघाच्या तोंडातून काढून आणून द्यावं आणि हे असं तोंड!

मोठं भिंग काढलं. माझ्या दंडाएवढं. लावताना ते कॅमेऱ्यावर बसेना, खटखट वाजत राहिलं, शेवटी शिडींनी न बोलता बसवून दिलं आणि न बोलता पलीकडे जाऊन उभे राहिले. मग ह्यांनी पिशवी चाचपली.

"एका पायाचा स्टँड राहिला वाटतं."

"राहिला? आता काय करणार? गाडी तर पार दाराबाहेर!"

"तुझा खांदा दे."

"काय?"

"पुढे उभी राहा. भिंग खांद्यावर टेकतो. जरा वेळच."

लोकांसमोर! मी इकडेतिकडे पाहिलं. सगळे आपापल्या कॅमेऱ्यात डोळे खुपसून, मी तिथे स्वतःला उलटं टांगून घेतलं असतं तरी कुणाला दिसलं नसतं. उभी राहिले. भिंग माझ्या उजव्या खांद्यावर आलं, कानाला लागून, जड आणि थंड. मागे ह्यांचा श्वास.

शेडचे दरवाजे उघडायला लागले. आवाज सुरू झाला, पोटात शिरणारा. आणि माझ्या खांद्यावर भिंग हलायला लागलं. टकटक, टकटक. खांद्याच्या हाडावर कुणी बोटाने वाजवावं तसं.

"अहो, हलवू नका ना! फोटो कसा येणार?"

"मी नाही हलवत."

"मग काय मी हलवतेय?"

"मी नाही हलवत गं," हे माझ्या कानाशी म्हणाले. गोंगाट होता, तरी शब्दन् शब्द ऐकू आला. "आपोआप हलतंय. वर्ष झालं."

टकटक, टकटक. एका लयीत. माझ्या मशीनचा पट्टा सैल झाला की असंच होतं, थांबवता येत नाही, पाय काढून घेतला तरी जरा वेळ चालूच राहतं. कप. बटणं. ती चेन मीच लावली, पितळी, चिमटीत येईल अशी. का हवीय ते न विचारता दात्यांची मापं मात्र घेतली. निळं आकाश, निळं आकाश.

मला भीती वाटली. एवढी भीती पित्ताशयाच्या वेळीही वाटली नव्हती. मागे वळून ह्यांचा चेहरा बघावा असं वाटलं, आणि वळता येईना, कारण वळले असते तर भिंग पडलं असतं.

आणि नेमकं तेव्हा ते आलं. पलीकडच्या पट्टीवर, उन्हात, पातेल्यासारखंच, ठिगळांचं. शेपटीवर सत्तावीस.

"द्या, मी धरते. मी काढते," मी ओरडले.

"नाही. बोट माझं पाहिजे."

काय तो नियम! काय ती माणसं! मग मी एकच केलं. डावा हात वर नेला, भिंग वरून घट्ट दाबून माझ्या हाडावर बसवलं, गाल लावला, आणि श्वास थांबवला. बारीक सुईत काळा दोरा काळ्या कापडावर ओवताना थांबवते तसा. जे हलत होतं ते आता माझ्यात येऊन थांबत होतं. सगळं अंग दगड केलं मी. कानाजवळ कॅमेरा बोलायला लागला, खट्, खट्, खट्. विमान ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलं आणि मी पायाच्या टाचेवर तसूतसूने त्याच्याबरोबर वळत गेले. वैमानिकाने हात वर केला होता. बघा, मलासुद्धा दिसला.

मग ते धावलं, उडालं, गेलं. लोक टाळ्या वाजवत होते. काही रडत होते, मोठे बाप्ये, विमानासाठी. माझ्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, पण माझ्याकडे कारण होतं.

"कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"सांगत होतो ना."

"कधी सांगत होतात?"

दूध करपलं होतं तो दिवस मला आठवला, ह्यांनाही आठवला असेल. शिडींना माहीत, लेकीलाही माहीत दिसतं, तिची ती सर्दी! सोमवारच्या डॉक्टरांना तर माहीतच. मी अंडी सोलून ह्यांच्या हातात दिली आणि ह्यांनी ती दोन्ही हातांनी धरून खाल्ली.

रविवार, १९ एप्रिल

फोटो बघितले. चाळीसेक असतील. निम्म्यांत आकाश, काहींत गवत, तळाच्या गवताचे बरेच चांगले आलेत. आणि एक. एकच, पण लख्ख. नाकापासून शेपटीपर्यंत अख्खं विमान, वैमानिकाचा हात, आणि शेपटीवर सत्तावीस.

फक्त उजव्या कोपऱ्यात खाली एक पांढरट धुरकट झुपका. मी विचारलं, हा कसला धूर? "तुझे केस," म्हणाले.

संध्याकाळी शिडी बघायला आले. म्हणाले, झकास, फक्त तो कोपरा कापून टाका. मीही तेच म्हटलं. धडधडीत खोट आहे, शिवणीत दोरा लोंबावा तशी. हे म्हणाले, "राहू दे." आणि यादीत खूण केली, मुंगीएवढी. असली दृष्टी असलेल्या माणसापुढे काय बोलायचं? लेकीला पाठवला तर फोनवर तिकडून रडण्याचा आवाज. ही पण त्यातलीच.

मग मी गाडीतून डबा काढायला गेले, घोंगडी उचलली, आणि खाली एका पायाचा स्टँड. लख्ख पुसलेला. तसाच!

आत येऊन आपटलाच टेबलावर. "राहिला म्हणे! अहो, स्वतःच्या हाताने ठेवलात, मी खिडकीतून पाहिलं. रस्ताभर आपल्या पाठीशी होता. जन्मभर लोकांच्या जमिनींचे नकाशे काढलेत आणि स्वतःच्या डिकीत काय आहे ते आठवत नाही?"

ह्यांनी स्टँडकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "नाही आठवलं खरं," म्हणाले.

म्हणजे हेही सुरू झालं. उद्या डॉक्टरांना विसरण्याचंही विचारायचं आहे. मी बरोबर जाणार. "तू कशाला?" म्हणाले. मी म्हटलं, तुमचं पुटपुटणं डॉक्टरांना ऐकू येणार नाही, कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं.

सोमवार, २० एप्रिल

डॉक्टर म्हणजे काल शाळा सुटलेला मुलगा वाटतो. कोटाचा खिसा उसवलेला. ह्यांना बोटं जुळवायला लावली, चालायला लावलं, एक वाक्य लिहायला लावलं. मग आजाराचं नाव सांगितलं, ते इथे लिहीत नाही, त्याला ह्या वहीत जागा द्यायची नाही मला. बरं होणार नाही, पण गोळ्यांनी थोपवता येईल, बराच काळ. हात हलतील, चाल मंदावेल. रोज चालायचं, मोठ्याने बोलायचं, आवडीचं काम सोडायचं नाही.

"आणि विसरतातही," मी म्हटलं. "परवा डोळ्यांदेखत ठेवलेली वस्तू विसरले."

म्हणून त्याने तेही तपासलं. शब्द सांगितले, उलटे आकडे म्हणायला लावले, आणि शेवटी म्हणाला, आवडीचं काहीतरी पाठ म्हणून दाखवा. ह्यांनी त्या ताफ्यातल्या सगळ्या विमानांचे शेपटीवरचे नंबर ओळीने म्हटले, आणि कुठलं कोणत्या ऋतूत काढलं तेही. डॉक्टरचं लिहायचं राहून गेलं.

"स्मरणशक्ती उत्तम आहे, आजी," म्हणाला. "माझ्याहून चांगली. ते काही विसरत नाहीत."

आजी म्हणे! मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे टक लावून बघत होते, दातांशी ह्यांच्या आजाराचा काही संबंध नसताना.

रस्त्यात ह्यांचा हात माझ्या दंडाखाली होता, तिथे टकटक चालू होतं.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या तळावर मालवाहू विमानं बघायला सोडणार आहेत म्हणे. शिडींचा फोन आला होता. मी चित्रं पाहिली, फुगलेल्या बदकासारखी दिसतात, त्यांचे फोटो काढावेसे कुणाला वाटतात ते मला खरंच कळत नाही. तर दुपारी माझा करडा कोट काढला आणि उजव्या खांद्यावर चामड्याचा तुकडा लावला, आत दुहेरी कापूस, कडेने बारीक टीप, भिंग घसरू नये म्हणून मध्ये जरासा खोलगट. अंबाडा घातला की केसही मध्ये येणार नाहीत, पण तो मी त्या दिवशी घालेन की नाही सांगता येत नाही.

एका पायाचा स्टँड माळ्यावर टाकून दिला, पार मागे, जुन्या मशीनच्या पाठीशी. ह्यांना तो आठवत नाही, मग डिकीत उगाच जागा कशाला अडवायची.